लेलँड हार्टवेल यांचे यीस्ट-संशोधन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकातील पेशीविभाजनावरील लेखात अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ लेलँड हार्टवेल यांच्या कामाचा उल्लेख एका परिच्छेदात आटोपला होता. यीस्टमध्ये पेशीविभाजनाचे नियंत्रण करणारी जनुके त्यांनी शोधून काढली आणि त्यासाठी २००१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टिम हंट व पॉल नर्स यांच्यासह मिळाले, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांवरून असे दिसते की वाचकांना पारितोषिकापेक्षा त्यामागच्या कामाची पद्धत समजून घ्यायची आहे. ती समजून घेण्याजोगीच आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : हार्टवेल यांना मुळात कर्करोगात रस होता असे वाचले. मग माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी सोडून ते पाव फुगवणाऱ्या यीस्टकडे का वळले? त्यात धोका नव्हता का? — एक विज्ञान शिक्षिका, नाशिक

धोका नक्कीच होता, आणि तो समजण्यासाठी त्यांचा तोपर्यंतचा प्रवास पाहावा लागतो. हार्टवेल यांचा जन्म १९३९ साली लॉस एंजेलिस येथे झाला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९६१ साली पदवी घेताना त्यांची जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या जनुकशास्त्राशी ओळख झाली. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बोरिस मॅगासानिक यांच्या मार्गदर्शनाखाली जीवाणूंमधील जनुकनियंत्रणावर काम करून त्यांनी १९६४ साली डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरचा काही काळ त्यांनी सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रेनाटो डल्बेको यांच्याकडे काढला. तेथे गाठी निर्माण करणारे विषाणू आणि प्राण्यांच्या पेशी यांचा अभ्यास चालत असे. पेशी विभागायला केव्हा लागते आणि केव्हा थांबते, हा प्रश्न तेथेच त्यांच्या मनात घर करून बसला. १९६५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत ते अध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याजवळ होता. तो सोडवण्याचे साधन मात्र नव्हते.

त्या काळी प्राण्यांच्या पेशी काचपात्रात वाढवता येत होत्या, पण त्यांचे जनुकशास्त्र जवळपास अशक्य होते. अशा पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी तिचे काम निभावून नेते आणि बिघाड नजरेस येत नाही. दोन पेशींचा संकर घडवून त्यांची संतती तपासण्याची सोय नव्हती. शिवाय अशी एक पेशी एकदा विभागायला साधारण दिवसभर घेते.

यीस्टच्या बाबतीत या तिन्ही अडचणी दूर होतात. सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या पेशी गुणसूत्रांचा एकच संच बाळगूनही उत्तम वाढतात, त्यामुळे जनुक बिघडले की त्याचा परिणाम लगेच दिसतो. पोषक माध्यमात एक पेशी सुमारे दीड तासात दुप्पट होते. या पेशींचे ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन प्रकार असतात. ते एकत्र आले की त्यांचा संयोग होऊन दोन संचांची पेशी बनते. तिची उपासमार केली की ती एका पिशवीत चार बीजाणू तयार करते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काचेच्या सुईने ते चारही बीजाणू अगर या जेलीसारख्या पोषक थरावर एका ओळीत वेगळे मांडायचे आणि दोन-तीन दिवसांनी उगवलेल्या चार वसाहती तपासायच्या. निरोगी आणि दोषयुक्त पेशींच्या संकरातून आलेल्या अशा चौकडींमध्ये दर वेळी दोन वसाहती निरोगी आणि दोन दोषयुक्त निघाल्या, तर दोष एकाच जनुकात आहे हे निश्चित समजते. मेंडेलला वाटाण्याच्या शेकडो झाडांच्या मोजणीतून जे अनुमान करावे लागले, ते येथे चार ठिपक्यांत समोर दिसते. ही चौकडी सोडवण्याचे काम हाताला शिकवावे लागते, सुरुवातीला डोळे दुखतात. पण ज्याने ते एकदा केले आहे त्याला जनुकांचे वाटप ही पुस्तकातील आकृती वाटत नाही.

यातील काहीही हार्टवेल यांनी शोधलेले नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. यीस्टच्या जीवनचक्रात एक संच आणि दोन संच अशा अवस्था आलटून पालटून येतात, हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ऑयविंड विंगे यांनी १९३० च्या दशकात दाखवले होते. सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात हर्शेल रोमन यांनी यीस्ट जनुकशास्त्राचे भक्कम केंद्र उभारले होते, आणि डोनाल्ड हॉथॉर्न व रॉबर्ट मॉर्टिमर यांनी जनुकांचे नकाशे तयार करत आणले होते. हार्टवेल १९६८ साली त्याच विभागात दाखल झाले. त्यांचे वेगळेपण असे की यीस्ट-जनुकशास्त्रज्ञ ज्या हत्यारांनी प्रामुख्याने जनुकांची रचना आणि चयापचय अभ्यासत होते, ती हत्यारे त्यांनी पेशीविभाजनाच्या प्रश्नाकडे वळवली. यीस्टमध्ये सापडलेले नियम माणसालाही लागू पडतील, याची हमी तेव्हा कोणीही देऊ शकत नव्हते. तरुण अध्यापकाने एवढ्या अनिश्चित गोष्टीवर सारी कारकीर्द लावावी, याला मी धाडसच म्हणेन.

प्रश्न : पेशीविभाजनाला आवश्यक असलेले जनुक बिघडले तर पेशी वाढणारच नाही. मग जी पेशी वाढतच नाही तिचा अभ्यास कसा केला? — एम.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर

आपण नेमक्या मर्मावर बोट ठेवले आहे. याचे उत्तर तापमान-संवेदी उत्परिवर्तनात आहे. जनुकात असा सूक्ष्म बदल होऊ शकतो की त्यापासून बनणारे प्रथिन कमी तापमानाला काम करते, पण तापमान वाढले की त्याची घडी विस्कटते आणि ते निकामी होते. असा वाण २३ अंश सेल्सिअसला निर्धोक वाढवता येतो, संकरित करता येतो, जपून ठेवता येतो. आणि ३६ अंशांवर नेला की बिघाड प्रकट होतो. जीवाणूंच्या विषाणूंवर ही युक्ती आधीच सिद्ध झालेली होती आणि हार्टवेल त्याच परंपरेत शिकलेले होते.

असे वाण मिळवण्याची रीत दिसायला साधी आहे. उत्परिवर्तन घडवणाऱ्या रसायनाने पेशींवर प्रक्रिया करायची, त्या २३ अंशांवर अगरवर पसरून वसाहती वाढू द्यायच्या, मग निर्जंतुक मखमलीच्या कापडावर ती थाळी दाबून वसाहतींचा ठसा घ्यायचा आणि तो दोन नव्या थाळ्यांवर उमटवायचा. एक थाळी २३ अंशांवर ठेवायची, दुसरी ३६ अंशांवर. पहिल्या थाळीवर आहे पण दुसरीवर नाही, अशी वसाहत म्हणजे आपला वाण. हार्टवेल यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा सुमारे चारशे वाणांचे वर्णन आहे.

खरी अडचण यापुढे सुरू होते. ३६ अंशांवर वाढ थांबण्याची कारणे अनेक असतात. प्रथिननिर्मिती बंद पडली तरी पेशी थांबते, आरएनए बनणे थांबले तरी थांबते, पेशीभित्तिका फुटली तरी थांबते. या गर्दीतून ‘विभाजनाचाच’ बिघाड असलेले वाण कसे निवडायचे? येथे यीस्टचा एक गुण कामी आला. हे यीस्ट मधोमध दुभंगत नाही. मातृपेशीच्या पृष्ठभागावर कळी फुटते, ती हळूहळू वाढते आणि शेवटी वेगळी होते. कळी साधारणपणे डीएनएची प्रत बनू लागण्याच्या सुमारास उगवते आणि केंद्रक विभागेपर्यंत बरीच मोठी होते. म्हणजे कळी नाही, लहान कळी, मोठी कळी, एवढ्यावरून ती पेशी आपल्या चक्रात कोठवर आली आहे हे सूक्ष्मदर्शकातून नुसते पाहून सांगता येते.

हार्टवेल यांच्या प्रयोगशाळेत ब्रायन रीड या विद्यार्थ्याने यीस्टची छायाचित्रे घेण्याचे काम केले, आणि जोसेफ कुलोटी यांच्यासह या तिघांच्या नावावर १९७० साली या मालिकेतला पहिला निबंध प्रसिद्ध झाला. कृती अशी : वाणाच्या पेशी अगरच्या पातळ थरावर पसरायच्या, ३६ अंशांवर नेण्याच्या क्षणी एक छायाचित्र घ्यायचे आणि काही तासांनी त्याच जागेचे, त्याच पेशींचे दुसरे. सुरुवातीच्या चित्रात सर्व तऱ्हेच्या पेशी दिसतात, कारण प्रत्येक पेशी आपापल्या टप्प्यावर असते. प्रथिननिर्मितीसारखा सर्वसाधारण बिघाड असेल, तर दुसऱ्या चित्रातही तीच सरमिसळ जवळजवळ तशीच राहते. जी पेशी जेथे होती तेथेच अडकते. पण विभाजनातील एका विशिष्ट पायरीचा बिघाड असेल, तर दुसऱ्या चित्रात सगळ्या पेशी एकाच रूपात थांबलेल्या दिसतात : एखाद्या वाणात सगळ्याच बिनकळीच्या, दुसऱ्या वाणात सगळ्यांना मोठी कळी. असे चित्र पहिल्यांदा पाहणाऱ्याचा श्वास रोखला जातो, कारण पेशीने स्वतःच आपण कोठे अडलो ते सांगितलेले असते.

त्या दोन चित्रांत आणखीही एक माहिती दडलेली असते. काही पेशी तापमान वाढताच त्याच चक्रात अडकतात. काही मात्र चालू विभाजन पूर्ण करतात आणि दोन्ही कन्यापेशी पुढच्या चक्रात अडकतात. पहिल्या गटातील पेशींना बिघडलेल्या प्रथिनाची गरज अजून लागायची होती. दुसऱ्या गटातील पेशींचे त्या प्रथिनाशी असलेले काम तापमान वाढण्यापूर्वीच उरकले होते. सुरुवातीच्या चित्रात या दोन गटांना विभागणारी कळी केवढी होती हे पाहिले, की त्या जनुकाचे काम चक्रात नेमके केव्हा पूर्ण होते ते कळते. दोन छायाचित्रांतून, कोणतेही महागडे यंत्र न वापरता, जनुकाच्या कामाची वेळ आणि त्याच्या अभावाचा परिणाम या दोन्ही गोष्टी हाती येतात. जीवशास्त्रातील इतका काटकसरीचा आणि इतका बोलका प्रयोग माझ्या माहितीत दुसरा नाही.

१९७३ सालच्या निबंधात अशा १४८ वाणांचे विश्लेषण आले. संकर आणि चौकड्यांच्या साहाय्याने ते ३२ जनुकांत विभागले गेले. या जनुकांना ‘सीडीसी’ (सेल डिव्हिजन सायकल, म्हणजे पेशीविभाजन-चक्र) हे नाव आणि पुढे क्रमांक, अशी ओळख मिळाली. आजही जगभर तीच वापरली जाते.

प्रश्न : ३२ जनुके सापडली हे समजले. पण त्यांतील कोणते आधी काम करते आणि कोणते नंतर, हे डीएनएचे वाचनही शक्य नव्हते त्या काळात कसे ठरवले? — निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

तर्काने ठरवले, आणि हार्टवेल यांच्या कामातील हा भाग मला सर्वाधिक भावतो. एकेका वाणात काय घडते आणि काय घडत नाही याची ते नोंद ठेवत : कळी फुटली का, डीएनएची प्रत बनली का, केंद्रक विभागले का, दोन पेशी वेगळ्या झाल्या का. सीडीसी-८ बिघडले तर डीएनएची प्रत पूर्ण होत नाही आणि केंद्रकही विभागत नाही. म्हणजे केंद्रकाचे विभाजन डीएनएवर अवलंबून आहे. सीडीसी-२४ बिघडले तर कळी फुटतच नाही, पण डीएनएची प्रत बनते आणि केंद्रकही विभागते. म्हणजे केंद्रकाचे काम कळीवर अवलंबून नाही. उलट सीडीसी-४ बिघडले तर डीएनएचे काम अडते, पण कळ्या मात्र एकामागून एक फुटत राहतात. यावरून असे दिसले की पेशीचक्र ही एकच सरळ साखळी नसून एका आरंभापासून निघणाऱ्या दोन समांतर वाटा आहेत, एक कळीची आणि एक केंद्रकाची. त्या शेवटी पेशी विलग होताना पुन्हा एकत्र येतात.

त्या सामायिक आरंभावर सीडीसी-२८ हे जनुक उभे होते. ते बिघडले की कळी नाही, डीएनएची प्रत नाही, काहीच नाही. ‘ए’ प्रकारच्या पेशींना ‘अल्फा’ पेशींचा संयोग-संकेत मिळाला की त्याही नेमक्या याच ठिकाणी थांबतात, हे हार्टवेल यांच्या गटाला आढळले होते. या बिंदूपूर्वी पेशीपुढे पर्याय असतात : संयोग करावा, उपाशी असेल तर थांबून राहावे, किंवा विभागावे. तो ओलांडला की विभाजन पूर्ण करणे एवढेच उरते. हार्टवेल, कुलोटी, जॉन प्रिंगल आणि रीड यांनी १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे सारे चित्र मांडले आणि त्या बिंदूला ‘स्टार्ट’ असे नाव दिले.

प्रश्न : मग नोबेल तिघांना का? — वाचक, ठाणे

कारण सीडीसी-२८ काय करते, आणि माणसाशी त्याचा संबंध काय, ही उत्तरे एकट्या सिएटलमधून आली नाहीत. पॉल नर्स यांनी एडिंबरो येथे शायझोसॅकॅरोमायसिस पॉम्बी या मधोमध दुभंगणाऱ्या यीस्टमध्ये हार्टवेल यांचीच पद्धत अवलंबून सीडीसी-२ या जनुकाचा अभ्यास केला. पेशीने विभाजनात कोणत्या आकाराला शिरावे हे त्याच्यावर ठरत होते. १९८० साली किम नॅस्मिथ आणि स्टीव्हन रीड यांनी सीडीसी-२८ जनुक वेगळे करून हाती आणले. १९८२ साली नर्स यांच्या गटाने ते दुभंगणाऱ्या यीस्टमध्ये घातले, तेव्हा त्याने तेथील बिघडलेल्या सीडीसी-२ ची जागा भरून काढली. ही दोन यीस्ट केवळ नावाने भावंडे आहेत; उत्क्रांतीत ती कोट्यवधी वर्षांपूर्वी दुरावली आहेत.

त्यापुढचे पाऊल १९८७ सालचे. लंडन येथे मेलनी ली आणि नर्स यांनी मानवी जनुकांचा संपूर्ण संग्रह बिघडलेल्या सीडीसी-२ च्या यीस्टमध्ये सोडला आणि कोणती पेशी जगते याची वाट पाहिली. जगलेल्या पेशीतून जे मानवी जनुक निघाले, त्याचे प्रथिन यीस्टच्या प्रथिनाशी सुमारे ६३ टक्के तंतोतंत जुळत होते. हार्टवेल यांनी १९६५ च्या सुमारास पत्करलेल्या धोक्याचे उत्तर येथे मिळाले. टिम हंट यांनी वुड्स होल येथे १९८२ साली समुद्री अर्चिनच्या अंड्यांत असे प्रथिन पाहिले होते जे प्रत्येक विभाजनापूर्वी साठत जाते आणि विभाजनाच्या वेळी अकस्मात नाहीसे होते, ते सायक्लिन. सीडीसी-२८ आणि सीडीसी-२ यांपासून बनणारे विकर सायक्लिन जोडले गेल्याशिवाय कार्यरत होत नाही. तीन वाटा एकाच रेणूपाशी मिळाल्या, म्हणून पारितोषिक तिघांना.

प्रश्न : किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या संदर्भात ‘चेकपॉइंट’ हा शब्द नेहमी येतो. तो हार्टवेल यांच्याच कामातून आला का? — एक डॉक्टर, औरंगाबाद

होय, पेशीचक्राच्या अर्थाने ही संकल्पना हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यांनी मांडली. चेकपॉइंट म्हणजे आधीचे काम नीट पूर्ण होईपर्यंत पेशीला पुढे जाऊ न देणारी तपासणी. त्यामागचा प्रश्न वीस वर्षे जुना होता. डीएनएचे काम अपूर्ण असेल तर केंद्रक विभागत नाही, हे सीडीसी वाणांनी दाखवले होते. पण का विभागत नाही? गाडी दोन कारणांनी थांबू शकते : पुढे रूळच नाहीत म्हणून, किंवा रूळ आहेत पण सिग्नल लाल आहे म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. सिग्नलची यंत्रणा बंद पाडली आणि गाडी पुढे निघाली, तरच दुसरे कारण सिद्ध होते.

नेमके हेच त्यांनी केले. क्ष-किरणांना अतिसंवेदनशील असलेले यीस्टचे ‘रॅड’ वाण इतर संशोधकांनी पूर्वीच मिळवून ठेवलेले होते आणि सर्वसाधारण समज असा होता की त्यांची डीएनए दुरुस्तीची क्षमता बिघडलेली आहे. वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी ते वाण पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली नेले. क्ष-किरणांचा मारा झालेली निरोगी पेशी मोठ्या कळीच्या अवस्थेत थांबते, डीएनए दुरुस्त करते आणि मगच विभागते. त्या वाणांपैकी एकात बिघडलेले रॅड-९ हे जनुक नसलेली पेशी थांबतच नाही; तुटलेली गुणसूत्रे घेऊन ती विभागते आणि तिची संतती मरते. यानंतरचा प्रयोग निर्णायक ठरला. किरणांचा मारा झालेल्या रॅड-९ पेशींना त्यांनी केंद्रकविभाजन तात्पुरते रोखणाऱ्या रसायनात काही तास ठेवले आणि मग ते धुऊन काढले. अशा पेशी मोठ्या प्रमाणावर जगल्या. म्हणजे दुरुस्तीची क्षमता त्यांच्यात शाबूत होती. फक्त थांबण्याची आज्ञा नव्हती. हा निबंध १९८८ सालचा आहे आणि त्याच दोघांचा १९८९ सालचा लेख ‘चेकपॉइंट’ ही संकल्पना व्यापक रूपात मांडतो.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. रॅड-९ नसलेली पेशी, इजा झाली नाही तर, दिसायला अगदी निरोगी असते. पण तिच्यात गुणसूत्रे हरवण्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले असते. कर्करोगाच्या पेशींत दिसणारी गुणसूत्रांची अस्थिरता कोठून येते, याचे एक सुस्पष्ट उत्तर यातून मिळाले. मानवी पेशीतील पी-५३ आणि एटीएम ही जनुके आज ज्या चौकटीत समजून घेतली जातात, ती चौकट यीस्टच्या या अभ्यासातून आलेली आहे.

प्रश्न : घरी पावासाठी वापरतो ते यीस्ट आणि हे यीस्ट एकच का? शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून त्याच्या कळ्या दिसतील का? — इयत्ता नववीच्या मुलाची आई, चिपळूण

प्रजाती एकच आहे. कोमट पाण्यात थोडी साखर आणि चिमूटभर कोरडे यीस्ट घालून तास-दीड तास ठेवावे, त्याचा एक थेंब भरपूर पाण्यात पातळ करून काचपट्टीवर घ्यावा आणि चारशे पट मोठे करून पाहावे. लंबगोल पेशी आणि त्यांतील काहींना चिकटलेल्या लहान-मोठ्या कळ्या दिसतील. मिथिलीन ब्लूचा थेंब मिळाल्यास मेलेल्या पेशी निळ्या होतात आणि जिवंत पेशी रंगहीन राहतात. बेकरीचे यीस्ट मात्र जनुकीय प्रयोगांना सोयीचे नसते, कारण त्यात गुणसूत्रांचे दोन किंवा अधिक संच असतात. प्रयोगशाळांतील वाण वेगळे जपलेले आहेत. ज्या एस-२८८-सी वाणाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, १९९६ साली संपूर्ण वाचला गेला, त्याचा मुख्य पूर्वज १९३८ साली कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे एका कुजक्या अंजिरावर सापडला होता. सोळा गुणसूत्रे, सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरे आणि सहा हजारांच्या आसपास जनुके, एवढा तो जीनोम आहे. केंद्रक असलेल्या सजीवांपैकी वाचला गेलेला तो पहिलाच.

प्रश्न : एवढ्या संशोधनातून रुग्णाच्या हाती प्रत्यक्ष काय पडले? — वाचक, रत्नागिरी

पडले, पण उशिरा. सायक्लिनवर अवलंबून असलेल्या विकरांपैकी दोघांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाले. पहिल्या सीडीसी निबंधापासून तोपर्यंत ४५ वर्षे गेली होती, आणि वाटेत शेकडो इतर संशोधकांचे काम होते. १९७० साली कोणी हार्टवेल यांच्याकडे औषधाची तारीख मागितली असती तर हे काम सुरूच झाले नसते, असे मला मनापासून वाटते. संशोधनाला पैसा देताना तीन वर्षांत उपयोग दाखवा असा आग्रह आज आपल्याकडेही धरला जातो, आणि त्याची चिंता वाटते.

स्वतः हार्टवेल मात्र उपयोगाबाबत उदासीन नव्हते. १९९६ साली ते सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रात गेले आणि १९९७ पासून २०१० पर्यंत त्यांनी त्या केंद्राचे नेतृत्व केले. त्याच सुमारास स्टीफन फ्रेंड यांच्यासह त्यांनी असा विचार मांडला की ज्या यीस्टमध्ये कर्करोगासारखा जनुकीय दोष आहे तेवढ्यालाच मारणारी आणि निरोगी यीस्टला धक्का न लावणारी रसायने शोधावीत. एकेकटा सोसवणारा, पण एकत्र आल्यास प्राणघातक ठरणारा दोन दोषांचा जोड शोधायचा, हे या विचाराचे सूत्र. डीएनए दुरुस्तीच्या बीआरसीए जनुकात दोष असलेल्या गाठींवर पार्प या दुरुस्तीच्याच दुसऱ्या विकराला रोखणारी औषधे आज याच तत्त्वावर दिली जातात.

प्रश्न : आज यीस्टवर पीएच.डी. करणे कालबाह्य ठरेल का? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे

माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. २०१३ साली रँडी शेकमन यांना आणि २०१६ साली योशिनोरी ओसुमी यांना मिळालेली नोबेल पारितोषिके यीस्टमधील कामावर उभी आहेत. पहिले पेशीतील मालवाहतुकीचे आणि दुसरे पेशीच्या स्वभक्षणाचे. दोघांनीही मार्ग हार्टवेल यांचाच धरला : आधी बिघडलेले वाण मिळवा, मग सूक्ष्मदर्शकातून पाहा. २०१५ साली यीस्टची चारशेहून अधिक आवश्यक जनुके एकेक करून काढून त्यांच्या जागी मानवी जनुके बसवून पाहिली गेली, आणि जवळपास निम्म्या प्रसंगी पेशी जगली. एखाद्या रुग्णाच्या जनुकात आढळलेला बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे अशा मानवी जनुक धारण करणाऱ्या यीस्टवर तपासता येते. या कामाला पुढील कित्येक वर्षे हात पुरणार नाहीत.

यीस्ट-जनुकशास्त्रज्ञांची आणखी एक परंपरा नव्या विद्यार्थ्याच्या फायद्याची आहे. १९७० पासून जेराल्ड फिंक आणि फ्रेड शर्मन यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू केला. इतर विषयांत मुरलेले संशोधक तेथे येऊन चौकडी सोडवायला शिकले आणि वाण घेऊन आपापल्या गावी परतले. वाण मागितला की पाठवायचा, ही रीत त्यातून रुजली. आज प्रत्येक जनुक एकेक करून वगळलेल्या वाणांचा पूर्ण संग्रह उपलब्ध आहे. आपण पुण्यातच असल्याने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आपल्याला जवळ आहे. यीस्टचे वाण तेथेही जतन केलेले आहेत.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः संकर आणि चौकड्या करतात का, हे विचारून घ्यावे. जेथे सर्व काही बाहेरून मागवलेल्या तयार किटवर चालते, तेथे जनुकशास्त्राचा विचार हाती लागत नाही. आणि प्रवेशपरीक्षेच्या तयारीतून वेळ काढून १९७४ आणि १९८८ सालचे हे दोन निबंध वाचावेत. प्रत्येक वाणाचे वर्णन आले की निष्कर्षाकडे न जाता आधी कागदावर त्या पेशीची आकृती काढावी : कळी असेल का, केवढी, केंद्रक कोठे असेल, आणि मगच लेखकांनी काय पाहिले ते पडताळावे.